काळ्या-पांढऱ्या टीव्हीतलं रंगीत गोळं

तवा त्या खोलीत आमी पाच जणं हुतो. मी. माजी थोरली लेक शालन, धाकटी मंगल. माजा भाऊ हणमंता, मुंबईस्नं आल्याला. आन आमचं ह्ये. ह्यांचं नाव मी तोंडानं घेत न्हाई, नात लिवंल: ज्ञानू. शेजारच्या माणिककाकू मागनं आल्या, म्हंजी सहा. आता मोजाय गेलं तर ह्ये न्हाईत, हणमंता न्हाई, काकू न्हाईत. शालन मिरजेला दिलीया, मंगल पुण्याला. मी हाय, माधवनगरच्या ह्याच दोन खोल्यांत. मी बोलतीया ते शालनची पोरगी पूजा फोनवर लिवून घेतीया. मला सही येती, तेवढीच.

परवा पूजानं माळा साफ कराय काढला. पत्र्याचा डबा, फुटकी घागर, रहाटाचं चाक, आन एक गठुडं. गठुडं सोडलं तसा वास आला. खळीचा. सुताला लावायची ती खळ, तिचा आंबूस वास, आन त्येच्याखाली तापल्याल्या लोखंडाचा. तवापास्नं माजं बूड जाग्याव टेकंना झालंय. भाकरी तव्यात टाकती आन उठती. दारात जाती, माघारी येती. पूजा म्हणती, "आज्जी, बस की गं एका जागी." बसती की. पर हात बसत न्हाईत.

गठुड्यात जपानी मशीन हुतं. पांढरं हुतं तवा, आता पिवळं पडलंय. त्येचं दोन रिमोट, वायरीनं आवळून बांधल्यालं. एक जड लोखंडी डबा, वायरीसकट. एक कॅशेट, चौकोनी, वरचा कागद निघाल्याली. आन हे सगळं ज्यात गुंडाळलं हुतं त्यो लुगड्याचा पदर. त्या पदराचंच सांगायचं हाय मला. पर आधी खेळाचं सांगते, न्हाईतर पदर कळायचा न्हाई.

हणमंता बोटीवर चपात्या लाटायला हुता. आमचं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या पल्याड. तिकडं पाऊस न्हाई, म्हणून बापय माणसं मुंबईला. आमचा हणमंता मुंबईच्याबी फुडं गेला, पाण्यावर. जपानच्या बंदरात जुन्या बाजारात त्येला हे मशीन घावलं, पोरींसाठी आणलं. मिरज स्टेशनास्नं आला ते डोक्याव मशीनचं खोकं आन हातात एक लोखंडी डबा, विटंवाणी जड. "ताई, आदी ह्यो डबा लावायचा, मग मशीन. आपली लाईट लय जोराची, नुसतं लावलं तर जळंल." त्यो डबा सुरू केला की घुंऽऽ करायचा, माशी अडकल्यागत, आन तापायचा. थंडीत मंगल त्येच्याव हात शेकायची.

आमचा टीव्ही काळा-पांढरा. दोन्ही बाजूनं सरकवायची लाकडी दारं असल्याला. हणमंतानं तारा जोडल्या आन पडद्याव मुंग्यांची वारुळं फुटावी तशी अक्षरं आली.

ह्ये म्हणलं, "काय लिवलंय रं?"

"जपानी हाय, दाजी."

"ते दिसतंय. वाच की."

"मला कुठं येतंय?"

"मग एवढी वर्सं त्या दर्यात काय केलंस? नुस्त्या चपात्याच?"

शालन सातवीत हुती, वर्गात पयली. तिनंबी डोळं बारीक करून बगितलं आन मान हलवली. मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. दवाखान्यात, पोष्टात, एश्टीच्या पाटीखाली मीच तेवढी लोकास्नी इचारत फिरायची. त्या पडद्याफुडं पयल्यांदा आमी सगळीच आडाणी हुतो, एका वळीत बसल्याली.

खेळ काय म्हणशीला तर साधा. वरनं गोळं पडायचं, जोडीजोडीनं, लिंबाएवढं. गोळ्यांस्नी डोळं आन तोंड. रिमोटनं इकडं-तिकडं सरकवायचं, फिरवायचं, बसवायचं. एका जातीचं चार एकमेकाला चिकाटलं की टुक्क करून फुटायचं आन वरचं खाली घसरायचं. घसरल्यावर आणखी चार जुळलं की पुन्हा टुक्क. कवा कवा टुक्क टुक्क टुक्क अशी माळच लागायची, तवा टीव्हीचं लाकूडबी थरथरायचं. रास वरपतूर गेली की डाव मेला.

ह्यांनी गोळ्यांस्नी नावं दिली. रागानं भिवया जुळवल्याला गोळा म्हंजी मागाच्या शेडातला मुकादम. अर्ध्या डोळ्यानं पेंगणारा ती मंगल. गालभर हसणाऱ्या माणिककाकू. आन तोंड आ वासल्याला गोळा म्हंजी मी.

"का वो? मी का?"

"तुजं तोंड कवा मिटतंय? दाव."

मग सगळी खोली वरडायची. "आबा, मुकादम आला! कोपऱ्यात घाला त्येला!" "मामा, आई तिकडं नगं, आईला आईजवळ टाक!" चार मुकादम एका जागी घावलं आन फुटलं की ह्ये मांडीवर थाप मारायचं. ती थाप मी लय दिसांनी ऐकली हुती. 

तीन वर्सं झाली हुती ह्यांस्नी मागावरनं काढून. चांगला ईणकर माणूस, आन सुताची गाठोडी हातगाडीव घालून ह्या शेडातनं त्या शेडात वढायचं. सांच्याला यायचं, हात-पाय धुवायचं, जेवायचं, भिताडाकडं तोंड करून बसायचं. मी घरात रहाटावर कांड्या भरायची. कांडी म्हंजी लाकडाची बोटभर नळी, तिच्याव सूत गुंडाळायचं, ती धोट्यात बसती आन धोटा मागातनं इकडनं तिकडं पळतो. दिसभर रहाटाची कुरकुर, बाहीर मागांचा खडाखडा. आमी दोघं बोलतच नव्हतो म्हणा. लागंल तेवढं. मीठ द्या, लाईट घालवा.

आन ह्या खेळानं ह्यांस्नी बोलतं केलं. काय हुतं त्या गोळ्यात मला नीट सांगता यायचं न्हाई. आमच्या घरात जागा नव्हती बगा. चूल, रहाट, टीव्ही, पोरींची दप्तरं, सुताच्या लड्या. एक वस्तू ठेवायची तर दुसरी उचलायची. तितं चार सारखं जुळलं की जागा व्हायची. आपल्या डोळ्यादेखत व्हायची. आन वरनं येणारं थांबत नव्हतं, आमच्या जल्मावाणीच, पर तितं निदान ह्या हातानं त्या हातानं सरकवता तरी यायचं. भाकरी थापताना मला गोळं दिसायचं. तांदूळ निवडताना मी खडं नुस्तं एका बाजूला न सारता चार-चार जुळवायची. बाजारात वांगी बगितली तरी बोटं हलायची. माणूस येडं हुतंय त्येनं. जेवता जेवता ह्ये म्हणायचं, "एकच डाव." पोरी म्हणायच्या, "आबा, मगाशी पण एकच म्हणलासा." आन त्यो लोखंडी डबा घुंऽऽ.

थांब पूजा, दूध बगून येते. 

आलं व्हतं वर. हां, लिव.

खेळात वरच्या, अवघड पायरीला गेलं की त्या गोळ्यांस्नी झोप लागायची. डोळं मिटायचं, तोंड पुसून जायचं. नुस्ता गोळा उरायचा. काळ्या-पांढऱ्यात सगळं गोळं राखंच्या रंगाचं, मग मुकादम कुठला आन काकू कुठल्या? तितं आमची सगळ्यांचीच रास वर जायची. मी पयल्याच दणक्याला. शालन जरा दम धरायची. ह्ये सगळ्यात लांब जायचं, कारण झोपायच्या आदी कोण कुठं बसलंय ते ह्यांच्या ध्यानात ऱ्हायचं. पर शेवटी त्येंचंबी मरायचंच. हणमंता म्हणायचा, "ही पायरी जपान्यानं कुणाला जाऊच द्यायची न्हाई म्हणून केलीया." आमी मान्य केलं हुतं. 

माणिककाकू शेजारच्या, जैनाच्या. त्यांच्या लेकानं आखातातनं रंगीत टीव्ही आणल्याला. हणमंताची सुट्टी सरत आली तवा त्यो म्हणला, "ताई, ह्यो खेळ रंगीत हाय म्हणं. जायच्या आदी एकदा रंगीतवर बगू." काकू दिवस बुडायच्या आत जेवायच्या, त्यामुळं त्यांनी आदीच बजावलं, "चारला या, पाचला उठा. माजं ताट राहायला नको."

रविवार हुता. माग बंद, बाहीर कसलाच खडखडाट न्हाई, तेच कानाला टोचत हुतं. काकूंच्या सोप्यात आमी वळीनं बसलो. टीव्ही लागला आन पोरी किंचाळल्याच. आगं आई गं! मुकादम लालभडक, ठसठशीत, मिरचीवाणी. मंगल पिवळी. काकू निळ्या. आन मी हिरवी, हिरवीगार, कोवळ्या चिंचंच्या पाल्यागत. तवा आमाला कळलं का ह्यो तोंडं जुळवायचा खेळच नव्हता. रंग जुळवायचा हुता. आमी महिनाभर भलताच खेळ खेळत हुतो.

शालननं रिमोट घेतला. झोपेची पायरी आली, गोळ्यांनी डोळं मिटलं, आन ती सरळ पार गेली. "लाल तिकडं! हिरवा खाली!" मंगल वरडायली. मुकादम, आई, काकू, कुणाचं नावच न्हाई तोंडात. लाल, हिरवा, निळा. मग मंगल पार गेली. हणमंता पार गेला. मीबी गेले, माज्यासारखी बाई.

ह्ये मागं भिताडाला टेकून बसलं हुतं. काकू म्हणल्या, "ज्ञानबा, तुम्ही का मागं? तुम्ही तर राजे ना ह्यातले? घ्या."

ह्यांनी घेतला. बगत हुतं, मान वाकडी करून. म्हणलं, "चांगला दिसतोय. मोठा दिसतोय. पर ह्यात एवढं किंचाळायसारखं काय झालं?"

पोरी हसल्या. "आबा गंमत करत्यात!"

डोळं उघडं हुतं तवर ह्ये झपाट्यानं गेलं. मग गोळं झोपलं. पिवळा बराबर ठेवला. निळा बराबर ठेवला. मग लाल आला, आन ह्यांनी त्यो हिरव्याच्या राशीव ठेवला. मग हिरवा आला, त्यो लालाव. शालन म्हणली, "आवं आबा, लाल हाय त्यो!" ह्ये म्हणलं, "व्हय की." आन फुडचा लाल पुन्हा हिरव्याव. मंगल टाळ्या वाजवत हसायली. हणमंता हसायला. रास वर गेली. डाव मेला.

मी हसले न्हाई. माज्या ध्यानात एक जुनी गोष्ट सरकली. घसरल्यालं वरचं खाली येऊन जुळावं तसं.

आता पदराचं.

तीन वर्सं मागं माजी आई आजारी पडली म्हणून मी चार दिस माहेरी गेल्ते. तवा ह्ये मोठ्या शेडात मागावर हुतं, आन ह्यांच्या मागाच्या कांड्या मीच भरायची. पाटी भरून नेऊन ठेवायची. माजी एक सवय, कुणी शिकवल्याली न्हाई. लाल कांड्या भिताडाच्या अंगाला, हिरव्या वाटंच्या अंगाला. कायम. मी गेले तवा दुसऱ्या बाईनं कांड्या भरल्या आन एकाच ढिगात वतल्या. हिरवी लुगडी चालली हुती, पदराला लाल पट्टं यायचं. पदर आला की धोटा बदलायचा. चार लुगडी उतरली आन बगत्यात तर पदराचं पट्टं गायब. हिरव्यात हिरवं. आन नगं तितं मधीच एखादी लाल रेघ. मुकादमानं सगळ्यांदेखत त्यातला एक पदर फाडून ह्यांच्या खांद्याव टाकला. "दारू पिऊन माग चालवतोस व्हय? जा, बायकोला नेसव."

मी माघारी आले तर ह्ये घरात बसल्यालं आन पदर खुटीला. आई गेली हुती माजी. दोन दिस झालं हुतं मातीला. मी पिशवी खाली ठेवली न्हाई, पाणी प्याले न्हाई. पयलं हेच इचारलं, "पिऊन बसला हुतासा काय मागावर?"

ह्ये म्हणलं, "न्हाई."

मी म्हणलं, "मग आंधळं झाला हुतासा?"

त्येवर ह्ये भिताडाकडं वळून बसलं. मला वाटलं, तोंड न्हाई म्हणून गप हाय. आन मग तीन वर्सं मीठ द्या, लाईट घालवा.

काकूंच्या घरनं आलो. पोरी मामासंगं एश्टीष्टांडाव गेल्या, त्येला सोडाय. खोलीत आमी दोघंच. मी रहाटाफुडं बसले. पाटीतनं एक लाल कांडी घेतली, एक हिरवी. ह्यांच्या फुड्यात जमिनीव ठेवल्या.

"ह्यातली लाल कंची?"

ह्यांनी बगितलं. कांड्यांकडं न्हाई, माज्याकडं. मग म्हणलं, "तू भिताडाकडं ठेवतीस ती."

बास. एवढंच. धा-बारा वर्सं ह्यो माणूस माज्या सवयीव माग चालवत हुता आन मला ठाव नव्हतं. त्येला तरी ठाव हुतं का न्हाई, कुणास ठाव. त्येला वाटत आसंल सगळ्यांस्नीच असं दिसतंय, आन सगळीच कुणाच्यातरी पाटीकडं बगून चालत्यात. 

मी इळी घेतली. लाल कांड्यांच्या डोक्याला एक खाच पाडली. हिरव्यांस्नी दोन. अंगठा फिरवला की कळावं. ह्ये बगत बसलं. मग कांडी उचलली, अंगठा फिरवला, म्हणलं, "मुकादम." दुसरी उचलली, फिरवला. "तू."

मला हसू आलं न्हाई. मी तर मुकादमाच्याच तोंडानं बोलले हुते ना. डोळं मिटल्यावर मी आन मुकादम ह्यांस्नी सारखंच दिसलो, त्यात त्येंची काय चूक?

तवा बोलायचं हुतं. "माजं चुकलं," एवढं तीन शब्दांचंबी न्हाई. जिभंवर आलं हुतं. पर पोरी आल्या दारात, भूक भूक करत, आन मी चुलीकडं वळले.

फुडल्या महिन्यात ह्ये दुसऱ्या एका शेडात मागाव लागलं. मी खाचा पाडून कांड्या भरायची. एक पदर चुकला न्हाई. कुणाला कळलं न्हाई, मुकादमाला न्हाई, पोरींस्नीसुद्दा न्हाई. पोरींस्नी आज पूजाकडनं कळंल. मशीन दोन-तीन वर्सं चाललं. पर रंगीतवर पुन्हा कवा ह्ये बसलं न्हाईत. आपल्या काळ्या-पांढऱ्यावरच. पोरी म्हणायच्या, "काकूंकडं चला की." ह्ये म्हणायचं, "तिकडं मुकादम वळकू येत न्हाई." पोरी हसायच्या. मी भाकरी उलटायची. मग टीव्हीची नळी गेली, टीव्ही भंगारात गेला. मशीन मीच पदरात गुंडाळून माळ्याव टाकलं. एकेक करून शेडं बंद पडली. त्या खडखडाटाला आमी शिव्या घालायचो, आता दुपारी असं गप असतंय का उठून दार लावावं वाटतंय. ह्ये गेलं त्येला चार पावसाळं झालं. शेवटी मिरजेच्या दवाखान्यात खाटंव हुतं, तवाबी मी जिभंवर घेतलं हुतं. नर्स सुई घिऊन आली. ऱ्हायलं.

पूजानं पदर पसरला आन म्हणली, "आज्जी! कसलं भारी कॉम्बिनेशन हाय गं! हिरव्यात अशी मधीच लाल रेघ. मी टॉप शिवू ह्येचा?" लोकांदेखत ज्येच्यापायी माणूस खाली मान घालून घरी आला, त्यो पदर. मी म्हणलं, "शिव. पर चार बोटं कापून मला ठेव."

मशीन तिनं सांगलीत दावलं. दुरुस्तीवाला म्हणला, जिवंत हाय, पर आताच्या टीव्हीला ह्येची पिन लागायची न्हाई. मग पूजानं फोनवर तसला खेळ काढून दिला. खेळले मी. सोडवत न्हाई हातातनं, अजून. पर त्यात गोळ्यांस्नी तोंडं न्हाईत, नुस्तं रंगच. आन फोनफुडं एकटं माणूस मावतंय. तिनं फोन काळा-पांढराबी करून दिला. बगितला. एवढुसा. त्यो डबा न्हाई, घुंऽऽ न्हाई. मी ठेवून दिला आन पुन्हा उठले.

ह्यांस्नी नेमकं कसं दिसायचं ते मला आजबी ठाव न्हाई. पर त्या जुन्या पडद्याव आमी दोघं एकाच रंगात बसल्यालो. तितं मला एकदा बसायचं हाय. गोळं झोपायच्या पायरीपतूर जायचं, आन झोपल्यावर कोण कुठं हाय ते ह्यांच्यासारखं ध्यानात धरून बगायचं, किती लांब जाता येतंय. जे बोलायचं ऱ्हायलंय ते तितंच बोलंन, डबा घुंऽऽ करत आसंल तवा. 

म्हणून जे कोण हे वाचतंय त्येला माजं एक सांगणं. तुमच्या माळ्याव, अडगळीत, एखादा जुना काळा-पांढरा टीव्ही आसंल, आन त्यो अजून लागत आसंल, तर भंगारवाल्याला देऊ नगा. आमच्या माधवनगरात निरोप धाडा. पूजा येऊन घिऊन जाईल, आन दोन दिसांनी माघारी आणून देईल. 

रंगीत नगं.